घरी घासलेल्या आरशाची परीक्षा

दुर्बिणीचा आरसा घरी घासता येतो हे आता बहुतेकांना पटते, पण त्याची परीक्षा प्रयोगशाळेतच व्हायला हवी, घरची चाचणी म्हणजे नुसता अंदाज, हा समज अजून टिकून आहे. तो आकड्यांपुढे टिकत नाही. आरशावरून परतणाऱ्या प्रकाशलाटेत पाव तरंगलांबीहून जास्त चूक नसावी, ही चांगल्या आरशाची किमान अट. परावर्तनात चूक दुप्पट होते, म्हणून काचेवर मुभा उरते ती हिरव्या प्रकाशासाठी जेमतेम ७० नॅनोमीटरची. इतकी बारीक चूक पकडायला दिवा आणि ब्लेड पुरतात, हे फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५८ मध्येच दाखवले. वक्रताकेंद्रापाशी बारीक छिद्रातून प्रकाश सोडायचा आणि परतणारा झोत ब्लेडच्या धारेने हळूहळू कापायचा. काचेचा उतार कणभर चुकला तरी किरण दोन-अडीच मीटर लांब येईपर्यंत पुरेसा सरकतो आणि आरशावर उंचवटे-खळगे असल्यासारख्या सावल्या उमटतात.

यावर आक्षेप असा, की सावली डोळ्याने जोखायची म्हणजे वाचनात चूक होणारच. होतेच, पण ती किती महाग पडते हे मोजता येते. १५० मिलिमीटर व्यासाचा, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराचा आरसा घ्या. दिवा आणि ब्लेड एकत्र सरकत असतील, तर पॅराबोलाच्या, म्हणजे आरशाला हव्या असलेल्या आकाराच्या, मध्याच्या आणि कडेच्या वाचनांत (ब्लेडच्या जागांत) सुमारे १.१७ मिलिमीटरचा फरक यायला हवा. हा फरक मोजताना ०.१ मिलिमीटर चुकले, तरी लाटेतली चूक तरंगलांबीच्या चाळिसाव्या भागाच्या आसपासच राहते. २०० मिलिमीटर व्यास आणि १००० मिलिमीटर नाभीय अंतर असलेल्या आरशात मात्र तेवढ्याच चुकीची किंमत दुपटीहून जास्त होते. म्हणून पहिला आरसा लांब नाभीचा करावा, हा सल्ला मला योग्य वाटतो.

दुसरा गैरसमज जास्त घातक आहे: ‘एक-विसांश तरंगलांबी’ असा आकडा मिळाला की आरसा उत्तम. हा आकडा काचेवरचा की लाटेतला, कमाल चुकीचा की सरासरीचा, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. शिवाय नेहमीची फुको चाचणी एकाच व्यासावर वाचली जाते, त्यामुळे आरसा एका दिशेने किंचित दुमडल्यासारखा असला तर ती चूक सहज निसटते. आरसा फिरवून पुन्हा वाचावे लागते. चकचकीत पॉलिश तर आकाराबद्दल काहीच सांगत नाही. उलट एखादा बारीक ओरखडा प्रतिमेचे फारसे बिघडवतही नाही.

अचूक मोजमाप आणि बरोबर मोजमाप या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, याचा सर्वांत मोठा पुरावा हबल दुर्बिणीचा. तिचा २.४ मीटरचा आरसा ज्या उपकरणाने तपासला, त्यातले एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसले होते. आरसा अतिशय काटेकोरपणे घासला गेला, पण चुकीच्या आकाराला: कडेपाशी सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट. साध्या उपकरणांच्या चाचण्यांत दोष दिसला होता. ती उपकरणे कमी अचूक म्हणून त्यांचे म्हणणे बाजूला ठेवले गेले. दुर्बीण १९९० मध्ये अवकाशात गेली आणि दुरुस्तीला डिसेंबर १९९३ उजाडला.

म्हणून घरच्या आरशालाही दुसरी, वेगळ्या तत्त्वाची परीक्षा हवी. रोंकीच्या जाळीतून, म्हणजे समांतर रेषा आखलेल्या पट्टीतून, आरशावर दिसणाऱ्या रेषा पाहाव्यात आणि शेवटी खऱ्या ताऱ्यावर नाभीच्या आत-बाहेर दिसणाऱ्या चकत्या ताडून पाहाव्यात. त्याआधी आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होऊ द्यावा, नाहीतर चांगल्या काचेवर तापमानाचा दोष लादला जाईल. दोन चाचण्या जुळल्या नाहीत, तर पुन्हा पॉलिशला बसण्याआधी चाचणीची मांडणीच तपासावी.