शुक्रवारच्या गाण्याचा गुरुवार

सकाळी साडेसहा. डोंबिवलीत जिना उतरताना शेजारच्या काकू हटकतात, "काय गं, कुठला राग चाललाय सध्या?" मी म्युझिक शिकते एवढंच त्यांना ठाऊक. "राग नाही काकू, करार," म्हणत मी स्टेशन गाठते. कोर्सचं नाव म्युझिक बिझनेस, पण म्युझिक ऐकायला वेळ मिळतो तो गाडीतच, आणि तेही आता धड होत नाही. गाणं लागलं की बोट आधी श्रेयांवर जातं. गायक असतो, संगीतकार बहुधा असतो, गीतकार असेलच असं नाही.

पावणेनऊ. पार्ल्यात पहिला तास कॉपीराइटचा. मॅडम फळ्यावर उभी रेघ मारतात. डावीकडे शब्द आणि चाल, उजवीकडे ध्वनिमुद्रण. गाणं एकच, पण मालमत्ता वेगळ्या आणि मालकही वेगळे. आजचं उदाहरण गीतरामायणाचं. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं. गीतकार गदिमा १९७७ मध्ये गेले, संगीतकार बाबूजी २००२ मध्ये. आपल्या कायद्यात कर्ता गेल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. म्हणजे शब्दांवरचा हक्क २०३७ अखेर संपणार, चालींवरचा २०६२ अखेर. मधली पंचवीस वर्षं गीतं कुणीही छापावीत, पण त्याच चालीत कार्यक्रम करायचा तर विचारावं लागेल. हे गणित वहीत मांडताना सगळा वर्ग चिडीचूप.

त्याच १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता : निर्मात्याने पैसे देऊन चित्रपटासाठी करून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माताच. मानधन हातात पडलं की गीतकार-संगीतकारांचा विषय बहुधा तिथेच संपायचा. २०१२ च्या दुरुस्तीने ते फिरवलं. आता रॉयल्टीतला समान वाटा त्यांनी स्वतः लिहून दिला तरी सुटत नाही. अपवाद थिएटरचा, तिथे चित्रपटासोबत वाजलेल्या गाण्याचे वेगळे पैसे नाहीत. मागच्या बाकावरून लता-रफी वाद निघालाच. तो गायकांच्या रॉयल्टीचा, साठच्या दशकातला. लताबाईंना ती हवी होती. ठरलेले पैसे मिळाले की व्यवहार पुरा, असं रफीसाहेबांचं मत. तास संपला तरी वर्गात दोन तट. मी लताबाईंकडून.

अकरा. मार्केटिंग. रील्स, हॅशटॅग, 'हुक' पहिल्या काही सेकंदांत. याला फी कशाला भरायची, हा प्रश्न मी दर आठवड्याला गिळते.

साडेबारा. कँटीनमध्ये वडापाव आणि भविष्याच्या गप्पा. कुणाला कलाकारांचं मॅनेजमेंट करायचंय, कुणाला नवे आवाज शोधायचेत. रॉयल्टीच्या हिशोबात कुणालाच रस नाही, आणि नोकऱ्या तिथेच रिकाम्या दिसतात.

दोन. अंधेरीत, ओशिवऱ्याच्या बाजूला, एका छोट्या पब्लिशिंग कंपनीत इंटर्नशिप. उद्या शुक्रवार, म्हणजे रिलीज. २०१५ पासून जगभर नवी गाणी शुक्रवारीच येतात, त्यामुळे आमचा गुरुवार कायम धावपळीचा. ऑडिओ केव्हाच पुढे गेलाय. मी बसलेय एक्सेल शीट घेऊन. ध्वनिमुद्रणाच्या आयएसआरसी या ओळखक्रमांकात बारा अक्षरं-अंक असतात : दोन देशाचे, तीन नोंदणीदाराचे, दोन वर्षाचे, पाच क्रमांकाचे. तो तपासला, बरोबर आहे. घोळ गीतकाराच्या नावात. करारात पूर्ण नाव, शीटमध्ये नुसती आद्याक्षरं, आणि जुन्या गाण्याच्या नोंदीत आडनावाचं रोमन स्पेलिंगच वेगळं. यंत्राच्या लेखी ही तीन माणसं, आणि पैसे तिघांपैकी कुणाकडेच धड जात नाहीत. म्हणून नावासोबत आयपीआय क्रमांक टाकायचा. स्पेलिंग बदललं तरी त्यावरून माणूस ओळखता येतो. तो शोधण्यात पाऊण तास जातो. कॉलेजात यावर जेमतेम एक स्लाइड होती.

चार. ढोलकीवाले काका सही करायला येतात. बोटांना चिकटपट्ट्या, खांद्याला झोळी. "कुठं करू सही?"

"आधी वाचा ना काका."

"वाचून काय करू पोरी? आजवर कुणी वाचू दिलंय व्हय?" तरी चष्मा काढतात, ओळीवर बोट ठेवून वाचतात आणि नेमकं विचारतात, "चाल त्यांची, मान्य. पण दुसऱ्या कडव्याआधीचा तुकडा मी बसवलाय. त्याचं काय?"

मी ऑफिसातल्या आमच्या वरिष्ठ दादांकडे बघते. सेशनचं मानधन वादनाचं असतं, रचनेचं नाही. पण तुकडा काकांचा असेल आणि संगीतकार कबूल असेल, तर स्प्लिट शीटवर वाटा लिहिता येतो. दादा स्पीकरवर फोन लावतात. पलीकडून दिलदार आवाज, "अरे, तो पीस काकांचाच! घाला की नाव." दादा विचारतात, "किती टक्के?" तो दिलदार आवाज एकदम मीटिंगमध्ये जातो.

मग मी काकांचा कॉपीराइट सोसायटीच्या सभासदत्वाचा फॉर्म भरायला घेते. पॅनकार्ड आहे, रद्द केलेला चेक नाही. "चांगला चेक फुकट घालवायचा?" हे त्यांना काही केल्या पटत नाही.

सहा. एका हॉलच्या मॅनेजरचा फोन : लग्नात गाणी लावायला परवाना लागतो का? वरात आणि लग्नाशी निगडित समारंभांना कायद्यात सूट आहे, दादा सांगतात. थर्टी फर्स्टच्या पार्टीला नाही. दुसरं वाक्य ऐकण्याआधीच फोन कट.

पावणेनऊ. दादरहून डोंबिवली, दारात उभी. संगीतकाराचा मेसेज येतो : "सात ठेवा." दहा मिळतील अशी माझी आशा होती, पण सातही लेखी आहेत. शीट उद्या सुधारून सोसायटीकडे नोंदवता येईल. त्यासाठी रिलीज अडत नाही. काकांना कळवते. लगेच त्यांचा व्हॉइस मेसेज : पैसे कधी?

गाणं वाजायला हवं, हिशोब यायला हवा, मग वाटप. काही महिने तरी धरा, असं लिहिते.

"असू दे. तोवर जत्रंच्या सुपाऱ्या हायेत. चेकचं काय ते बघतो."