लाईट येते आणि बल्ब सगळं विसरतो: स्मार्ट लायटिंग नेमकं चालतं कसं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं, त्यांच्यासाठी हा आपल्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले 'म्हणजे कसंय ना' थोडे कमी केलेत.

आमच्या उदगीरला 'लाईट' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. 'लाईट लाव' म्हणजे बल्ब लाव, आणि 'लाईट गेली' म्हणजे वीज गेली. स्मार्ट बल्बचे जेवढे व्हिडिओ तुम्ही बघता, ते सगळे पहिल्या लाईटबद्दल असतात. दुसरी लाईट कायम असतेच, असं त्यांनी धरून चाललेलं असतं. माझी फजिती नेमकी तिथंच झाली.

दिवाळीला घरी जाताना मी पुण्याहून चार स्मार्ट बल्ब नेले. हौस होतीच, पण खरं कारण आजी. रात्री बाथरूमला जाताना ती अंधारात उंबऱ्याला अडखळून पडली होती आणि दीड महिना हाताला प्लास्टर होतं. बोर्ड दाराच्या पलीकडं, म्हणजे दिवा लावायलाच अंधारातून चालत जायचं. म्हटलं, आपण सॉफ्टवेअरवाले, एवढं तर करू शकतो. रात्री 10 ते सकाळी 6 बोळातला बल्ब आपोआप मंद पिवळा राहील असं शेड्यूल लावलं आणि परत गेलो.

उन्हाळ्यात अवकाळी वारं सुटलं, लाईट चार-पाच वेळा आली-गेली, आणि आईचा फोन आला. "अरे, तुझा बल्ब लुकलुक करायलाय. आजी म्हणतीय शॉर्टसर्किट झालंय, मी बटनच बंद केलं." मी पुण्यात बसून ॲप उघडलं. डिव्हाइस ऑफलाइन. आजी त्या रात्री पुन्हा अंधारातच गेली.

असं का झालं, हे समजलं की स्मार्ट लायटिंग समजलं. तर आज तेच.

बल्बच्या पोटात काय असतं?

आधी साधा एलईडी घेऊ. आतली चिप निळा प्रकाश देते आणि तिच्यावरचा पिवळसर फॉस्फरचा थर त्यातल्या काही प्रकाशाचं रूपांतर पिवळ्यात करतो. निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरा दिसतो. ही निळी एलईडी बनवायलाच शास्त्रज्ञांची कित्येक वर्षं गेली. त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

एलईडी आपल्या घराघरात आली ती 'उजाला' योजनेतून. जानेवारी 2015 मध्ये योजना सुरू झाली. सरकारी खरेदीत 2014 साली जो बल्ब 310 रुपयांना पडत होता, तो दोनेक वर्षांत 38 रुपयांवर आला. वीजबिल भरताना स्वस्तात मिळालेले ते बल्ब अजून कुणाकुणाच्या घरी असतील.

एलईडीला कमी व्होल्टेजचा डीसी करंट लागतो आणि आपल्या भिंतीतून येतो 230 व्होल्टचा एसी. म्हणून बल्बच्या बुडाशी ड्रायव्हर नावाचं छोटं सर्किट असतं. स्मार्ट बल्बमध्ये याच्या जोडीला आणखी एक चिप असते. तिच्यात छोटा प्रोसेसर, थोडी मेमरी आणि वाय-फायचा रेडिओ. थोडक्यात, बल्ब नावाचा एक छोटा संगणक तुम्ही होल्डरला लटकवता.

मग तो मंद कसा होतो? करंट कमी करून होतो, पण बरेचसे बल्ब वेगळी युक्ती वापरतात. एलईडी सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करायची. अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद ठेवली की डोळ्याला अर्धा उजेड वाटतो. डोळा तेवढा चपळ नाही, म्हणून लुकलुक दिसत नाही. रंगांचंही तसंच. लाल, हिरवी, निळी अशा वेगळ्या एलईडी आत असतात आणि प्रत्येकीला किती वेळ चालू ठेवायचं त्यावरून रंग बनतो.

आता पांढऱ्यातही प्रकार आहेत. खोक्यावर 2700 के, 6500 के असं लिहिलेलं असतं. के म्हणजे केल्विन. आकडा कमी तितका उजेड पिवळसर, जास्त तितका निळसर पांढरा. हा फरक किती जाणवतो, ते मुंबईकरांना विचारा. 2015 मध्ये मरीन ड्राइव्हवरचे जुने पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तर 'क्वीन्स नेकलेस'ची शोभा गेली म्हणून ओरड झाली, विषय उच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि पुढं तिथं पुन्हा पिवळसर दिवे आले. रात्री झोपायच्या आधी निळसर उजेड टाळलेला बरा, कारण त्यानं झोप आणणाऱ्या मेलाटोनिनवर परिणाम होतो. म्हणूनच आजीसाठी मी मंद पिवळा निवडला होता.

पुण्यातून उदगीरचा बल्ब लागतो कसा?

मी ॲपमध्ये बटण दाबलं की मेसेज थेट बल्बकडं जात नाही. तो आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो. तो सर्व्हर कदाचित भारतात असेल, कदाचित परदेशात. तिथून तो आमच्या घरच्या राउटरकडं आणि राउटरकडून बल्बकडं.

पण घरचा राउटर बाहेरच्या कुणाला असंच आत घेत नाही. मग सर्व्हरचा मेसेज आत येतो कसा? उत्तर सोपं आहे. बल्ब चालू झाला की तो स्वतःच सर्व्हरला फोन लावतो आणि फोन ठेवतच नाही. अधूनमधून 'आहे, आहे' म्हणत राहतो. सर्व्हरला काही सांगायचं असलं की त्याच उघड्या लाइनवर सांगतो.

यासाठी बऱ्याच ठिकाणी एमक्यूटीटी नावाची पद्धत वापरतात. ती 1999 मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर लक्ष ठेवण्यासाठी बनली. दूरवरची उपकरणं, महागडं सॅटेलाइट कनेक्शन, म्हणून मेसेज एकदम छोटा ठेवायचा. तीच पद्धत आज आपल्या बल्बला कामाला येते.

आणि हो, लांबून काहीतरी चालू करणं ही शहरी चैन आहे असं समजू नका. आपल्या भागात शेताला लाईट रात्री-बेरात्री येते, आणि मोबाईलवरून मोटार चालू करायचं स्टार्टर कित्येक शेतकऱ्यांकडं आहे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' बनवलं ते याच त्रासातून. पंप चालू करायला म्हाताऱ्या आजोबांना रात्री शेतात पायपीट करावी लागायची, हे त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. 2009 मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. तेव्हा बाजारात आजच्यासारखे स्मार्ट बल्ब आलेही नव्हते. फिलिप्सचे ह्यू बल्ब आले ते 2012 मध्ये.

मग माझा बल्ब लुकलुक का करत होता?

आता मूळ मुद्दा. यात तीन गोष्टी झाल्या.

पहिली: बल्बला रिसेट करायला बटण नसतं. म्हणून कंपन्यांनी सोय केलेली असते की भिंतीवरचं बटण लागोपाठ तीन ते पाच वेळा चालू-बंद करा, बल्ब वाय-फायचा पासवर्ड विसरेल आणि लुकलुक करत नव्या जोडणीची वाट बघेल. आता सांगा, वाऱ्यावादळात लाईट चार वेळा आली-गेली तर बल्बला काय वाटणार? त्याला वाटलं मीच रिसेट करतोय. शॉर्टसर्किट वगैरे काही नव्हतं. तो बिचारा सांगितलेलंच करत होता.

दुसरी: बल्बात बॅटरी नसते, म्हणून लाईट गेली की त्याचं घड्याळही जातं. परत आल्यावर तो इंटरनेटवरून वेळ विचारतो. राउटर सुरू व्हायलाच दोन-तीन मिनिटं लागतात, आणि इंटरनेट नाही आलं तर रात्रीचे 10 वाजलेत हे त्याला कळणार कसं?

तिसरी, सगळ्यात साधी: आईनं भिंतीवरचं बटण बंद केलं. स्मार्ट बल्बला बटण बंद म्हणजे लाईट गेल्यासारखंच. मग ॲपमध्ये कितीही बोटं आपटा. आणि यात आईची चूक काय? जन्मभर दिवा बटणानंच बंद केलाय. घरातल्या चार माणसांची सवय मोडावी लागते ती वस्तू स्मार्ट कसली?

आणखी एक गंमत. वीज परत आली की बरेच बल्ब पूर्ण पांढऱ्या उजेडात लागतात. वीज आली की बटण दाबलं, हे बल्बला ओळखता येत नाही, म्हणून कंपनीनं 'वीज मिळाली की लाग' असं ठरवलेलं असतं. पहाटे तीनला लाईट आली की अख्खं घर लख्ख! ॲपमध्ये 'वीज आल्यावर काय करायचं' अशी सेटिंग असेल तर आधीची स्थिती लक्षात ठेवायचा पर्याय निवडा. हे पहिल्या दिवशीच करा.

बिल वाचतं का?

हिशोब करू. रोज 5 तास दिवा लागतो असं धरा. जुना 60 वॅटचा बल्ब वर्षाला साधारण 110 युनिट खायचा. 9 वॅटचा एलईडी साडेसोळा युनिट खातो. म्हणजे मोठी बचत तिथंच झाली. स्मार्ट बल्ब मात्र बंद असतानाही ऐकत बसलेला असतो. त्यासाठी अर्धा वॅट धरला तर उरलेल्या 19 तासांचे वर्षाला साडेतीन युनिट जास्तच जातात. ज्या घरात दिवे विनाकारण चालू राहतात तिथं ही भरपाई होऊन वर बचत होईल. पण फक्त बिलासाठी घेणार असाल तर घेऊ नका.

मग लोक घेतात कशाला? घर बंद असताना संध्याकाळी दिवा लागावा म्हणून. अंथरुणातून उठणं अवघड असलेल्या माणसाला बोलून दिवा लावता यावा म्हणून. आणि थोडी हौस म्हणूनही. त्यात वाईट काही नाही.

घ्यायचंच असेल तर

बहुतेक वाय-फाय बल्ब फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. जोडणी होत नसेल तर आधी फोन 5 गिगाहर्ट्झवर आहे का बघा. बल्ब जास्त असतील तर झिगबी बघा. त्यात एक हब लागतो, पण एक बल्ब दुसऱ्याला निरोप पोचवतो, त्यामुळे राउटरवर ताण येत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी बोलावीत म्हणून 2022 मध्ये 'मॅटर' हे मानक आलं. खोक्यावर ते असेल तर चांगलं, कारण ते घरच्या नेटवर्कवरच चालतं. बाहेरचं इंटरनेट गेलं तरी घरातून दिवा लागतो.

राउटर इन्व्हर्टरवर घ्या. राउटरचा पासवर्ड बदला. 2016 मध्ये 'मिराय' नावाच्या व्हायरसनं कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, ते कंपनीचे मूळ पासवर्ड कुणी बदललेच नव्हते म्हणून.

आणि घरात वडीलधारी माणसं असतील तर स्मार्ट बल्बपेक्षा स्मार्ट स्विच बरा. बोर्डच्या मागं छोटं मॉड्यूल बसतं. बटण नेहमीसारखं चालतं, ॲपही चालतं. बोर्डात न्यूट्रल वायर आहे का, हे मात्र आधी इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. स्वतः उघडायला जाऊ नका.

आजीचं काय झालं?

सुट्टीत घरी गेलो आणि बोळातला स्मार्ट बल्ब काढला. त्या जागी सेन्सरचा साधा बल्ब लावला, दोन-तीनशे रुपयांचा. त्याला वाय-फाय नाही, ॲप नाही. माणसाच्या अंगाची उष्णता समोरून सरकली की त्यातल्या सेन्सरला कळतं आणि दिवा लागतो. थोड्या वेळानं आपोआप बंद. लाईट जाऊन आली तरी त्याला विसरायला काही नाहीच. तो बल्ब इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला आणि बटणावर चिकटपट्टी लावली.

पहिल्या रात्री मी मुद्दाम जागा होतो. दोनच्या सुमारास आजी उठली, दाराशी आली आणि दिवा लागला. ती थबकली, वर बघितलं, आणि मला म्हणाली, "तू लावलास का?" मी म्हटलं, "न्हाई, तूच लावलीस." तिला काही ते पटलं नाही.

बाकीचे तीन स्मार्ट बल्ब हॉलमध्ये आहेत. गणपतीत भाची त्यांचे रंग बदलत बसते. तिथं ते शोभतात.

तुमच्या घरी लाईटनं अशी काही फजिती केली असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. पुढच्या वेळी बघू इन्व्हर्टरची बॅटरी दोन वर्षांतच का मान टाकते. तोपर्यंत राम राम!