कांद्याच्या टोपलीत कंद नको

दोन वर्षांपूर्वीच्या रमजानमधली गोष्ट. इफ्तारला अर्धा तास उरला होता. खाला भज्यांसाठी कांदे चिरायला बसल्या आणि जरा वेळाने म्हणाल्या, "हा कसला गं कांदा? डोळ्यांत पाणीच येईना!"

जाऊन पाहतो तर सुरीला चिकट रस लागलेला आणि वास कांद्याचा नाहीच. तो लिलीचा, म्हणजे अमॅरिलिसचा कंद होता. कुंडी फुटली म्हणून आम्हीच तो आठवड्यापूर्वी काढून कांद्याच्या टोपलीत टाकला होता. रोजा असल्याने कुणी चव घेतली नव्हती. या कंदात लायकोरिन नावाचे द्रव्य असते. पोटात गेले तर मळमळ, उलट्या, जुलाब सुरू होतात. नरगिसच्या कंदातही तेच असते, आणि शिजवल्याने धोका टळेल असे मुळीच समजू नये. त्या संध्याकाळी आमच्याकडे बटाट्याची भजी झाली.

खरे तर अमॅरिलिसचा कंद काढून ठेवायची गरजच नव्हती. आपल्या हवेत तो कुंडीतच सुखाने राहतो. कंद काढून जपावे लागतात ते ग्लॅडिओलसचे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले गणेश', 'फुले प्रेरणा' अशा त्याच्या जाती काढल्या आहेत. आमच्या रावेतच्या बाल्कनीत सप्टेंबरअखेर कंद लावले की डिसेंबर-जानेवारीत फुलांचे दांडे येतात. दांडा कापून फुलदाणीत ठेवला की आपण कुंडी विसरतो. पण कंदाचे खरे काम तेव्हाच सुरू होते. खाली चार-पाच पाने ठेवूनच दांडा कापावा. ही पाने पुढे दीड-दोन महिने अन्न तयार करतात आणि त्यावर जुन्या कंदाच्या डोक्यावर नवा कंद भरतो. पाने पिवळी पडू लागली, कुंडी ओकीबोकी दिसू लागली, तरी ती कापायची नाहीत. फक्त पाणी कमी करत जायचे.

मार्चमध्ये उत्तरपत्रिका तपासायचे आणि कंद काढायचे दिवस एकदमच येतात. पाने बहुतेक वाळली की कुंडी रद्दी पेपरवर पालथी करावी. वर टपोरा नवा कंद, त्याखाली सुरकुतलेला जुना, आणि भोवती हरभऱ्याएवढी पिल्ले दिसतात. माती हाताने झाडावी, धुऊ नये. आठ-पंधरा दिवस सावलीत वाळले की जुना कंद सहज सुटतो, तो टाकून द्यावा. पिल्ले वेगळी ठेवावीत. त्यांना फूल यायला एक-दोन हंगाम लागतात, पण फुकटचे बियाणे का सोडा?

पहिल्या वर्षी आम्ही सगळे कंद प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून माळ्यावर ठेवले होते. जूनमध्ये पिशवी उघडली तर आत हिरवट बुरशी आणि लगदा. अम्मीने हौसेने आणलेले जांभळे वाण त्यातच गेले आणि तो रंग पुन्हा मिळाला नाही. कंद जिवंत असतो, त्याला हवा लागते. आता आम्ही लिटरभर पाण्यात २ ग्रॅम कार्बेन्डाझिम घालून अर्धा तास कंद बुडवतो, हातमोजे घालून आणि बागेसाठी राखलेल्या बादलीत. मग सावलीत खडखडीत वाळवून जाळीच्या पिशवीत टांगतो. शेतकरी ते शीतगृहात ४-५ अंशांवर ठेवतात. घरी जागा असेल तर कागदी पिशवीत फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावेत, फ्रीझरमध्ये नव्हे. पावसाळ्यात महिन्यातून एकदा चाचपून मऊ पडलेला कंद काढून टाकावा, नाहीतर शेजारचेही नासतात.

उर्दू शिकवताना 'लाला' हा शब्द आला की मुले विचारतात, मग ट्यूलिप आपल्याकडे का नाही? तुर्कीतही त्याला लालेच म्हणतात. तिथे १७१८ ते १७३० हा काळ या फुलाच्याच नावाने ओळखला जातो, आणि कंदांचे भाव इतके चढले की सरकारला दर ठरवून द्यावे लागले. ट्यूलिपला फुलायला तीन-चार महिने थंडी लागते. श्रीनगरला ती आयती मिळते. रावेतमध्ये फ्रिजमध्ये ठेवून एकदा फूल आणता येते, पण मग आपल्या उन्हाने पाने लवकर करपतात आणि नवा कंद भरतच नाही. तेव्हा ट्यूलिपचे कंद पुढच्या वर्षासाठी जपायच्या भानगडीत आम्ही पडत नाही. कुणी पडलेच, तर त्याच फ्रिजमध्ये सफरचंद, केळी ठेवू नका. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते.

आपली गुलछडी मात्र सोशिक. तिचा कंद एकदाच फुलतो आणि भोवतीच्या पिल्लांवर वंश सोपवतो. दोन-तीन वर्षे कुंडी हलवू नये. दाटी झाली की हिवाळ्याच्या शेवटी काढून महिनाभर सावलीत ठेवावे आणि एप्रिल-मेमध्ये मोठे कंद परत लावावेत.

आमच्या पिशव्यांवर आता जाड अक्षरात मराठी आणि उर्दू दोन्हींत लिहिलेले असते: "फुलांचे कंद, खायचे नाहीत." त्या स्वयंपाकघरात नसतात, कोरड्या बाल्कनीत उंच खिळ्याला असतात. खाला तरीही चिरायच्या आधी प्रत्येक कांदा हुंगून बघतात.