‘हँग’ झाले म्हणजे नेमके काय झाले?

लिनक्स कधी हँग होत नाही, असे ठणकावून सांगणारे भक्त बरेच भेटतात. मग उबुंटूवर एखादी खिडकी करडी पडते, ‘प्रतिसाद देत नाही’ अशी पाटी झळकते आणि भक्तांची पंचाईत होते. बहुतेक वेळा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ठणठणीत असतो. अडकलेला असतो एकच प्रोग्राम. तोही मेलेला असेलच असे नाही. नोम डेस्कटॉप खिडकीला हाक मारतो आणि ५ सेकंदांत ओ आली नाही, की पाटी लावून मोकळा होतो. भलीमोठी स्प्रेडशीट उघडणारे लिबरऑफिस तेवढा वेळ सहज गप्प बसते. ‘फोर्स क्विट’ दाबणाऱ्याचे न साठवलेले काम मात्र जाते.

दुसरा लाडका संशयित म्हणजे रॅम. ‘फ्री’ कमांड चालवायची, ‘फ्री’ याच नावाच्या रकान्यातला चिमुकला आकडा पाहायचा आणि नवी रॅम घ्यायला निघायचे, हा प्रकार नेहमीचा. वास्तविक मोकळी रॅम लिनक्स फायलींच्या कॅशसाठी वापरतो आणि प्रोग्रामला गरज पडली की त्यातली बरीचशी परत देतो. पाहायचा तो ‘अव्हेलेबल’ रकाना. तोही तळाला गेला, तर मात्र प्रकरण खरे. रॅम आणि डिस्क यांच्यात डेटाची ये-जा इतकी वाढते की माऊससुद्धा अडखळतो. रॅम संपल्यावर एखादा प्रोग्राम मारून टाकणारा कर्नलचा ओओएम किलर अगदी शेवटी जागा होतो, म्हणून उबुंटू २२.०४ पासून सिस्टमडी-ओओएमडी आधीच हस्तक्षेप करतो. ब्राउझर न सांगता गायब झाला, तर तो क्रॅश नसून ही कारवाईही असू शकते.

‘किल -९’ने काहीही मरते, हाही एक ठाम समज. साध्या ‘किल’ने प्रोग्रामला आवराआवरीची संधी मिळते, ‘-९’ ती देत नाही, म्हणून तो शेवटचा उपाय. आणि तोही कधीकधी चालत नाही! ‘टॉप’मध्ये प्रोसेससमोर ‘डी’ अक्षर दिसत राहिले, तर ती डिस्कच्या किंवा नेटवर्क ड्राइव्हच्या उत्तरासाठी ताटकळली आहे. ते उत्तर येईपर्यंत तिच्यावर सहसा कोणताच सिग्नल लागू पडत नाही. अशा वेळी प्रोग्रामला शिव्या देण्यापेक्षा मरणपंथाला लागलेली हार्डडिस्क किंवा तुटलेले नेटवर्क तपासावे.

पडदा पूर्ण गोठला, की हात पॉवर बटणाकडे जातो. त्याआधी कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकत्र दाबून पाहावे. अनेकदा काळा लॉगिन पडदा उघडतो आणि तिथून दोषी प्रोग्राम बंद करता येतो. तेही जमले नाही, तर आल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून एस, यू, बी ही अक्षरे सावकाश, एकामागून एक दाबावीत. इंटरनेटवर फिरणाऱ्या ‘आरईआयएसयूबी’ मंत्रातली एवढीच अक्षरे उबुंटूच्या मूळ सेटिंगमध्ये चालतात: डेटा डिस्कवर उतरवा, डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेवा, पुन्हा सुरू करा.

संगणक परत सुरू झाल्यावर ‘जर्नलसीटीएल -बी -१’ ही कमांड चालवा. आधीच्या सत्राच्या नोंदी तिथे दिसतात आणि कारण बहुधा शेवटच्या काही ओळींत असते.