पिवळ्या मातीचें पठार

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३९ सालीं रुग्णसेवेसाठीं ज्या येनानला गेले, तें गांव चीनमधील पिवळ्या मातीच्या पठारावर आहे. आम्हीं तो देश पाहिलेला नाहीं. वाचून जें समजलें तेंच वाचकांपुढें ठेवितों.

ही माती वाऱ्यानें आणलेली, पिठासारखी मऊ. शतकानुशतकें उतार नांगरले गेले, झाडें तुटलीं. माती पावसाबरोबर नदींत गेली आणि नदीस ‘पीत नदी’ हें नांव पडलें. १९९९ पासून सरकारनें निराळा मार्ग धरला. उतारावरील शेत सोडून जो झाडें किंवा गवत लावी, त्यास धान्य व रोख रक्कम मिळूं लागली. उतार हिरवे झाले. पायऱ्यांचीं शेतें व धरणें यांचेंहि साह्य झालें. पूर्वी वर्षाकाठीं सुमारें १६० कोटी टन गाळ वाहणारी नदी आतां त्याचा लहानसा अंशच वाहते.

परंतु दुरून पाहणाराने हिरव्या रंगावरच भुलूं नये. चराईबंदीनें मेंढपाळांची अडचण झाली. कोरड्या मुलखांत झाडें फार झालीं तर तींच जमिनींतील ओल शोषून घेतात. शिवाय जगांतील निम्म्याहून अधिक दगडी कोळसा आज चीनच जाळतो. माती राखावयाची तर ती कसणाराचें पोटहि राखलें पाहिजे, हाच बोध आम्ही यांतून घेतों.