कार्ड गावचं, पोट नालासोपाऱ्यात

रेशन दुकानदार म्हटला की लोकांना आधी काट्यात मारणारा माणूस आठवतो. तसे असतातही, नाकारून काय होणार? नालासोपारा पूर्वेचं आमचं दुकान सासऱ्यांनंतर माझ्याकडे आलं, त्यासोबत हा संशयही आला.

दुकानात मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच: ‘भाभी, कार्ड जौनपूर का है, यहाँ चलेगा?’ चालतं. ऑगस्ट 2019 मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात एकमेकांच्या कार्डांवर धान्य देऊ लागले. आता ही सोय देशभर आहे. जव्हार-मोखाड्याहून वीटभट्टीवर येणाऱ्यांनाही ती लागू आहे. घरातल्या काहींचा वाटा गावी उचलायचा आणि उरलेल्यांचा इथे, असंही जमतं. पण भट्टीवर हे कुणी सांगत नाही. माणसं वाण्याकडून तांदूळ विकत घेतात आणि गावी त्यांचं धान्य तसंच राहतं.

प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला 5 किलो, अंत्योदयला घरटी 35 किलो. पूर्वी गहू 2 रुपये आणि तांदूळ 3 रुपये किलो होता; जानेवारी 2023 पासून दोन्ही फुकट. आम्हा दुकानदारांना सरकार क्विंटलमागे मार्जिन देतं. ते 150 रुपये होतं, 2025 मध्ये 170 करायचं ठरलं.

अडचण येते ती मशीनपाशी. विटा थापून, भांडी घासून बोटांवरच्या रेषाच गेलेल्या असतात. चार वेळा अंगठा लावूनही मशीन ढिम्म. मग डोळ्याचं स्कॅनर, नाहीतर मोबाइलवर ओटीपी. तो मोबाइल नेमका कामावर गेलेल्या मुलाच्या खिशात!

त्याहून मोठी अडचण म्हणजे इष्टांक. राज्याला साधारण सात कोटी लाभार्थ्यांची मर्यादा आहे आणि ती 2011 च्या जनगणनेवर बेतलेली. त्यानंतर वसई-विरारमध्ये किती चाळी उठल्या, हे विरार लोकलमध्ये चढणाऱ्याला वेगळं सांगायला नको. जुनं नाव निघाल्याशिवाय नवं बसत नाही. शहरातली उत्पन्नाची अट वर्षाला 59 हजार, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्याही आत. तीन-चार घरची धुणीभांडी करणारी बाई त्यात बसत नाही. ही अट आजची नाही आणि आजच्या नालासोपाऱ्याला तर मुळीच लागू पडत नाही.

टाळेबंदीत मात्र हीच दारं उघडली होती. मे आणि जून 2020 मध्ये एरवी रिकाम्या हाताने परतणाऱ्या केशरी कार्डवाल्यांना माणशी 3 किलो गहू 8 रुपयांनी आणि 2 किलो तांदूळ 12 रुपयांनी दिला. कार्डच नसलेल्या स्थलांतरितांसाठी केंद्राने माणशी 5 किलो धान्याची योजना काढली. जानेवारीत दहा रुपयांना सुरू झालेली शिवभोजन थाळी पाच रुपयांवर आली. म्हणजे गोदामात धान्य होतं, यादीही सैल करता येत होती. संकट सरलं आणि यादी पुन्हा घट्ट झाली. माझ्या मते सरकारने नव्या जनगणनेची वाट न पाहता वसई-विरारसारख्या शहरांचा इष्टांक वाढवायला हवा.

तोवर तुमच्या घरी काम करणाऱ्या मावशींना एवढं विचारा: कार्डावर सगळ्यांची नावं आहेत का, ई-केवायसी झाली का? दुकानातून निघताना पावती मागायला सांगा. कुणी धान्य नाकारलं तर 1967 हा तक्रारीचा क्रमांक आहे. तक्रार माझ्या दुकानाची असली, तरीही.