दाढ काढली, कळ तिथेच

सलमान खानला कसला तरी नसेचा आजार आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. नाव विचारलं की गाडी अडते. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. २०११ मध्ये तो त्याच्या उपचारासाठी अमेरिकेला गेला होता.

माझ्या मावशीला हे नाव कळायला अडीच वर्षं लागली. तोवर उजवीकडच्या दोन दाढा काढून झाल्या होत्या, तिसरीचं रूट कॅनल झालं होतं. कळ जागच्या जागी. वर ‘फार मनाला लावून घेतेस’ हे ऐकावं लागलं ते वेगळंच, तेही घरच्यांकडून.

होतं काय, तर चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला मेंदूकडून एक नस येते. तिच्या तीन फांद्या: कपाळ, गाल आणि खालचा जबडा. बऱ्याचदा मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी या नसेला खेटते आणि नसेवरचं आवरण झिजतं. वायरचं प्लास्टिक सोलवटावं तसं. मग दात घासणं, घास चावणं, पंख्याचा वारा, एवढंही पुरतं. विजेचा झटका बसावा तशी कळ, काही सेकंद ते दोन मिनिटं. नंतर काहीच नाही. दुखतं जबड्यात, म्हणून माणूस आधी डेंटिस्टकडे जाणार, त्यात नवल नाही. पण दाढ काढूनही तीच कळ येत राहिली, तर पुढची दाढ काढण्याआधी न्यूरोलॉजिस्टला दाखवायलाच हवं.

तिथे मावशीला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, कळ किती सेकंद टिकते, कशाने सुरू होते? निदान मुख्यतः या उत्तरांवरच होतं. साध्या पेनकिलर इथे फारशा चालत नाहीत. कार्बामाझेपिन हे फिटचं औषध चालतं. त्याने सुस्ती येते, चक्कर येते. अंगावर पुरळ उठलं तर लगेच डॉक्टर गाठायचा. औषध पुरलं नाही तर ऑपरेशन असतं. त्यात नस आणि रक्तवाहिनीच्या मध्ये टेफ्लॉनचा छोटा तुकडा ठेवतात. हो, नॉनस्टिक तव्यावरचं तेच टेफ्लॉन!

मावशी सध्या गोळ्यांवर आहे. ती शिकवण्या घेते, आणि बोलणं हाच तिचा ट्रिगर. म्हणून आता धडा मुलं मोठ्याने वाचतात, ती फळ्यावर लिहिते. भाकरी आमटीत कुस्करून डावीकडून खाते. स्कूटीवर मागे बसली की उन्हाळ्यातही गालावरून ओढणी. लग्नात ती गप्प बसते, नातेवाइकांना वाटतं शिष्ट झाली. चेहऱ्यावर काहीच दिसत नाही ना!

नेटवर या आजाराचं एक भयंकर टोपणनाव सापडेल. ते मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पेशंटही वाचतात.

हा आजार जास्त करून पन्नाशीनंतर दिसतो, म्हणजे आपल्या आई-बाबांच्या वयात. त्यांची कळ कधी आली, काय करताना आली, किती टिकली, हे फोनमध्ये टिपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि तुमच्याच वयात अशी कळ आली, किंवा गाल बधिर वाटला, तर एमआरआय टाळू नका. तरुणांमध्ये कधी कधी मल्टिपल स्क्लेरोसिससारखं दुसरं कारण निघतं, त्याचे उपचार वेगळे असतात.